शिळं कोणतं, ताजं कोणतं?

मंडळी, आजचा विषय पाहून नेहमीचे वाचक म्हणतील, बाईंनी आता हे कुठे डोकं घातलं? मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, मराठी आणि भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि लिहायला बसली ती सॉफ्टवेअर कसं बांधतात यावर! पण जरा थांबा. विषय नवा असला तरी त्यातला वाद जुना आहे. एकदा झालेलं काम पुन्हा करायचं का? आणि करायचं नसेल, तर ‘हे झालेलं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कोणाचा?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्या गॅसवर दूध आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. झालेलं काम पुन्हा करू नये, शंभर टक्के कबूल. पण ते झालेलं आहे हे माणसाने आठवणीवर सांगू नये. ते नोंदीवरून ठरलं पाहिजे.

हा विचार सुरू झाला तो माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीत आहे. सुट्टीला जोडून आमच्याकडे येतो तेव्हा लॅपटॉप बरोबर असतोच. एक कळ दाबायची आणि खुर्चीत मागे रेलायचं, असं दिवसातून वीस वेळा तरी चालतं. आधी मला वाटायचं, पोरगा विचार करतोय. विचार कसला, तो वाट बघत असायचा! ‘बिल्ड चालू आहे गं आत्या’ हे ठरलेलं उत्तर. (या वाट बघण्यावर एक्सकेसीडी नावाच्या इंटरनेटवरच्या चित्रमालिकेत २००७ साली एक चित्र आलं होतं. दोन प्रोग्रॅमर कामाच्या वेळात तलवारी खेळतायत, साहेब ओरडतो, आणि कंपाइल चालू आहे असं कळल्यावर गप्प बसतो. भाच्याने मला दाखवलं तेव्हा त्याला हसू आवरेना. मला साहेबाची दया आली.)

बिल्ड म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी थोडक्यात. प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात, पुष्कळ फायलींमध्ये. कंपाइलर त्याचं यंत्राला कळणारं रूप करतो, मग ते तुकडे जोडतात, आणि जी वस्तू तयार होते ती चालते. मोठं सॉफ्टवेअर म्हणजे एक पुस्तक नसतं, अनेक मजल्यांची इमारत असते. तळाच्या प्रोजेक्टमध्ये तारखा, पैसे, बेरजा-वजाबाक्या. त्यावर खातेदारांचा हिशोब. त्यावर आणखी काही, आणि सगळ्यांत वर पडद्यावर दिसणारी चित्रं नि बटणं. वरचा मजला खालच्याच्या आधाराने उभा असतो. त्या आधारांना ही मुलं डिपेन्डन्सी म्हणतात. माझा भाचा रोज फक्त वरच्या मजल्यावर काम करतो. पण कळ दाबली की साधन पार तळघरापर्यंत उतरतं, चाळीसेक प्रोजेक्ट तपासतं, त्यातले बरेचसे पुन्हा बांधतं आणि मग वर येतं. सहा मिनिटं गेली!

मग त्याला एक जवळची वाट सापडली. तो ज्या डॉटनेट नावाच्या साधनांवर काम करतो, त्यात बिल्डची आज्ञा देताना पुढे ‘नो-डिपेन्डन्सीज’ असं जोडता येतं. म्हणजे खाली बघू नकोस, जे बांधलेलं आहे ते आहे असं समज, फक्त हा एक मजला बांध. सहा मिनिटांचं काम चाळीस सेकंदांवर आलं. असल्या सोयी बहुतेक सगळीकडे आहेत. जावावाल्यांच्या मेव्हनमध्ये एकच मॉड्यूल निवडून बांधायला सांगितलं, आणि त्याचे आधारही बांध हे सांगितलं नाही, तर ते यंत्रावर पूर्वी कधीतरी साठवून ठेवलेली प्रत उचलतं आणि पुढे जातं.

भाचा खूश होता. त्याने ही युक्ती सगळ्या टीमला शिकवली.

पुढे पंधरा दिवसांत त्यांच्यातल्याच एका मुलीचा अख्खा दिवस फुकट गेला. व्याजाचा एक हिशोब चुकत होता. तिने सकाळी तळाच्या प्रोजेक्टमध्ये जाऊन दुरुस्ती केली. चालवून बघितलं तर उत्तर जुनंच. दुरुस्ती पुन्हा वाचली, बरोबर आहे. शेजारच्याला दाखवली, तोही म्हणतो बरोबर आहे. दुपारी तिने बरोबर असलेलं लिखाण बदलून बघितलं, तरी उत्तर तेच. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं की ती दुरुस्ती बांधलीच गेलेली नाही. वरचा मजला नवा, तळघर कालचं.

आता गंमत बघा. हीच गोष्ट, जशीच्या तशी, १९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये घडली होती. स्टीव्ह जॉन्सन नावाचे तिथले मोठे प्रोग्रॅमर (‘याक’ हे प्रसिद्ध साधन त्यांचंच) एका सकाळी चिडून सहकाऱ्याच्या खोलीत शिरले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. ज्यांच्याकडे ते गेले त्या स्टुअर्ट फेल्डमन यांचीही आदल्या संध्याकाळी तशीच फजिती झालेली होती. फेल्डमननी शनिवार-रविवारात बसून एक साधन लिहिलं. त्याचं नाव ‘मेक’. ते आजही जगभर वापरात आहे आणि त्यासाठी त्यांना २००३ सालचा एसीएम संस्थेचा पुरस्कार मिळाला. (मेकच्या फायलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि त्यावरून नवखी मुलं अजून रडतात. फेल्डमनना ते पुढे खटकलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची घडी कशाला मोडा म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. डझनभरांच्या भिडेखातर पुढच्या लाखोंना टॅब! असो.)

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मेक जन्मलं ते वेळ वाचावा एवढ्यासाठी नाही. माणूस विसरतो म्हणून जन्मलं. कशापासून काय बनतं ते एकदा लिहून ठेवायचं. मग साधन फायलींच्या तारखा-वेळा बघतं. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा असेल तर पक्का माल शिळा झाला, पुन्हा करा. नसेल तर सोडून द्या. सोडून द्यायचं ते तपासल्यावर. आणि माझ्या भाच्याची युक्ती म्हणजे न तपासता सोडून देणं. दोन्हींत वेळ वाचतो, म्हणून दोन्ही एकसारखी दिसतात.

मेकची गोष्ट वाचली तेव्हा मला आमचं निकालपत्रक आठवलं. माझ्या वयाच्या शिक्षकांना ते वेगळं सांगायला नको. तरुणांसाठी सांगते. वार्षिक परीक्षा झाली की विषयशिक्षक पेपर तपासून गुणांची यादी वर्गशिक्षकाला देत. वर्गशिक्षक त्या सात-आठ याद्यांवरून एका भल्यामोठ्या आडव्या कागदावर निकालपत्रक करी. साठ मुलं, प्रत्येकाची एकूण बेरीज, शेकडेवारी, क्रमांक. त्यावरून साठ प्रगतिपुस्तकं. त्यावरून मुख्याध्यापकांचा शाळेचा तक्ता. आणि १ मेला निकाल. म्हणजे बघा, हीसुद्धा मजल्यांची इमारतच.

आता समजा, मधेच एका मुलाचे भूगोलाचे गुण बदलले. काय काय पुन्हा करायचं? त्याची बेरीज, त्याची शेकडेवारी, त्याचा क्रमांक, तो वर सरकल्यामुळे ज्या चार-पाच जणांचे क्रमांक हलले ते, आणि या सगळ्यांची प्रगतिपुस्तकं. उरलेल्या चोपन्न मुलांना हात लावायचं कारण नाही. लावूच नये! कारण हाताने सगळं पुन्हा उतरवायचं म्हणजे जिथे चूक नव्हती तिथे नवी करायची. तेव्हा झालेलं वगळणं हा आळस आहे असं कोणी म्हणू नये. ते शहाणपणच आहे. प्रश्न आहे तो, काय बदललं हे कळण्याचा.

एका वर्षी ते कळलं नाही. आमच्यातल्या एका विषयशिक्षकांनी पेपर परत चाळताना पाहिलं की एका मुलाच्या एका पानाचे गुण बेरजेत धरलेलेच नाहीत. प्रामाणिक माणूस. त्यांनी आपल्या यादीत २७ खोडून ३६ केले, बाजूला सही केली. पण माझं निकालपत्रक त्या यादीवरून दोन दिवस आधीच झालेलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. १ मेला त्या मुलाच्या हातात प्रगतिपुस्तक पडलं ते तांबड्या शाईच्या रेघेसह, एका विषयात नापास. मुलगा अबोल होता. काही न विचारता निघून गेला, तो घरी पोचलाच नाही. वडील संध्याकाळी शाळेत, मग माझ्या घरी, मग एस.टी. स्टँडवर. रात्री साडेनऊला सापडला, स्टँडच्या मागे बाकावर बसलेला. पास झाल्याचं त्याला जूनमध्ये कळलं, शाळा उघडल्यावर. नऊ गुण यादीत होते, प्रगतिपुस्तकात नव्हते. सबंध सुट्टी त्याने नापास म्हणून काढली.

आता यात चूक कोणाची? यादी बरोबर होती. माझी बेरीज बरोबर होती. दोघांच्या मधली दोरी कोणी बांधलेली नव्हती, एवढंच. पुढच्या वर्षी आम्ही स्टाफरूममध्ये ठरवलं, प्रत्येक यादीच्या कोपऱ्यात शेवटच्या दुरुस्तीची तारीख-वेळ घालायची आणि निकालपत्रकावरही. प्रगतिपुस्तकं वाटण्याआधी वर्गशिक्षकाने सगळ्या याद्या पुन्हा मागवायच्या, फक्त कोपरे बघायला. यादी निकालपत्रकापेक्षा नवी दिसली की तो रकाना शिळा. म्हणजे फेल्डमन जे करत होते तेच, फक्त शाईने.

तारखांच्या या पद्धतीत खोट आहे, आणि ती आम्हालाही दिसली. आमच्या एका बाईंचं अक्षर सुरेख. त्यांना खाडाखोड सोसायची नाही. त्या अख्खी यादी नव्या कागदावर उतरवून नवी तारीख घालायच्या. गुण एकही बदललेला नसायचा, पण आमची पुन्हा सगळी ताडाताडी. मेकचंही तसंच होतं. फाइल नुसती उघडून पुन्हा जतन केली, किंवा गिटमध्ये या फांदीवरून त्या फांदीवर जाऊन परत आलं, की तारखा बदलतात आणि काही न बदलता बांधकाम सुरू होतं. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. दोन यंत्रांची घड्याळं मागेपुढे असली तर नवी फाइल जुनी दिसते आणि साधन शांतपणे ती सोडून देतं. शिवाय फाइल तीच, पण बांधण्याची आज्ञाच बदलली, तर ते बिचाऱ्या मेकला आपोआप कळतच नाही.

म्हणून तारीख न बघता आतला मजकूर बघायचा. आम्ही यादीच्या तळाशी गुणांची बेरीज लिहायला लागलो होतो. बेरीज तीच असेल तर यादी तीच, बहुतेक. ‘बहुतेक’ अशासाठी की दोन मुलांचे गुण एकमेकांत बदलले तरी बेरीज तीच राहते. संगणकवाल्यांनी यावर फार सुंदर उपाय काढलाय. त्याला हॅश म्हणतात. सगळ्या मजकुरावर गणित करून एक ठसा काढायचा. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत तो चौसष्ट अक्षर-अंकांचा निघतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो, आणि दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच निघणं व्यवहारात घडत नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी २००२ साली सीकॅश लिहिलं ते मजकुराचा ठसा बघण्याच्या याच कल्पनेवर. गूगलने स्वतःचं बांधकामाचं साधन २०१५ साली ‘बेझल’ या नावाने सगळ्यांना खुलं केलं, तेही असंच. त्यात कच्च्या मालाचा ठसा आणि आज्ञेचा ठसा, दोन्ही धरतात. मग त्याच मालापासून त्याच आज्ञेने शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सकाळी तुकडा बांधला असेल, तर तुम्हाला तो आयता मिळतो. ही खरी बचत! यात कोणी ‘मला आठवतंय, मी काही बदललं नाही’ असं म्हणत नाही.

आणखी एक बारकावा मला फार आवडला. समजा तळघरात कोणी फक्त एक टिप्पणी बदलली. तळघर पुन्हा बांधावं लागेल, ठीक. पण बांधून झालेली वस्तू अगदी पूर्वीसारखीच निघाली, तर वरचे मजले बांधायचं कारण काय? तिथेच थांबावं. मोखोव, मिचेल आणि पेटन जोन्स या तिघांचा २०१८ सालचा एक निबंध आहे, त्यात या थांबण्याची चर्चा आहे. त्याच निबंधात एक्सेललाही बांधकामाच्या साधनांत बसवलंय, कारण एक चौकट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चौकटीच ते पुन्हा मोजतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत निकालपत्रक एक्सेलवर आलं होतं. गुण बदलला की क्रमांकांचा रकाना डोळ्यांसमोर हलायचा. तेव्हा मला तो मुलगा आठवायचा.

बरं, भाच्याचं म्हणणंही ऐकून घ्या. तो म्हणतो, ‘आत्या, तुझं तत्त्व बरोबर आहे. पण दिवसाला वीस वेळा सहा मिनिटं म्हणजे दोन तास झाले. आणि सहा मिनिटांत लक्ष उडतं ते वेगळंच.’ हे मी उडवून लावणार नाही. मन लागलेलं असताना मधेच उठवलेल्या मुलाचा अभ्यास पुन्हा जमायला किती वेळ लागतो हे शिक्षकाला सांगायला नको. तरुण मुलांचे तास असे वाट बघण्यात जाऊ नयेत. तपासणंसुद्धा फुकट नसतंच. क्रोमियम ब्राउझरच्या तीस हजारांहून जास्त फायली. एक फाइल बदलल्यावर बांधायला सुरुवात करण्याआधीच जुन्या साधनांची दहा सेकंदं जायची. इव्हन मार्टिन यांनी त्यासाठी ‘निन्जा’ लिहिलं, ते एका सेकंदाच्या आत कामाला लागतं. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला, तर मोती हलका केला. तपासणं बंद नाही केलं.

मी भाच्याला एवढंच विचारलं, की तळाचे प्रोजेक्ट कोणी बदललेलेच नाहीत, तर तुझं साधन ते पुन्हा बांधतं का? त्याच्या मते ते ‘असंच करतं’. असंच कोणी काही करत नसतं. वर्गात मुलगा रोज उशिरा येतो तो असंच येत नाही, घरी काहीतरी असतं. दोन दिवसांनी त्याने बिल्डचा सविस्तर लॉग काढून बघितला. तळाच्या एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी फार पूर्वी एक पायरी घालून ठेवली होती. प्रत्येक बिल्डच्या वेळी आत्ताची तारीख-वेळ घातलेली एक छोटी फाइल नव्याने लिहायची. झालं! ती फाइल दर वेळी नवी, म्हणून तो प्रोजेक्ट शिळा, म्हणून त्यावरचे सगळे शिळे. सुरेख अक्षराच्या आमच्या बाईच त्या! ती पायरी फक्त ग्राहकाला द्यायच्या बिल्डपुरती ठेवली, आणि आता काही बदललेलं नसताना सगळं तपासून वर यायला बारा-पंधरा सेकंद लागतात. ‘नो-डिपेन्डन्सीज’ची गरजच संपली. सहा मिनिटांचं दुखणं एका फायलीत होतं, आणि त्यावर त्यांनी डोळे मिटून घेण्याचं औषध काढलं होतं.

डोळे मिटण्याचं औषध उलट्या बाजूनेही घेतात. काहीही बिघडलं की ‘क्लीन करून रिबिल्ड कर’. म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून. आपण टीव्ही बंद करून चालू करतो तसं. यात उत्तर बरोबर येतं हे खरं, पण कोणती दोरी सुटलेली होती त्याचा पुरावाही पुसला जातो, आणि उद्या ती पुन्हा सुटते. ऑस्ट्रेलियातल्या पीटर मिलर यांनी १९९८ साली एक लेख लिहिला होता. मोठ्या प्रोजेक्टांत प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळं मेक चालवायची पद्धत होती. त्यांचं म्हणणं, त्यामुळे कोणत्याच मेकला पूर्ण नकाशा दिसत नाही, मग लोक कधी गरजेपेक्षा कमी बांधतात, कधी भीतीपोटी सगळंच बांधतात, आणि दोष मेकला देतात. पूर्ण निकालपत्रक कोणाच्याच समोर नाही, अशी ती शाळा. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या टीममध्ये सकाळ ‘क्लीन’ने सुरू होते तिथे आधार नीट लिहिलेले नाहीत, आणि ते लिहून काढणं हे कामच आहे, फावल्या वेळचा छंद नाही.

शिळा तुकडा किती महाग पडतो? बहुतेक वेळा एक दिवस, त्या मुलीचा गेला तसा. पण एक तांत्रिक गंमत सांगते, तिने मला जरा भीतीच वाटली. सी-शार्प भाषेत तळाच्या प्रोजेक्टमध्ये एखादी संख्या ‘कॉन्स्ट’ म्हणून लिहिली, समजा उत्तीर्ण व्हायला ३५ गुण, तर वरचा मजला बांधताना कंपाइलर ती संख्याच उचलून वरच्या मजल्यात कोरून ठेवतो. उद्या तुम्ही तळाशी ३५ चे ४० केले, तळ नवा बांधला आणि जुन्या वरच्या मजल्याखाली सरकवला, तरी वरचा मजला ३५ वरच पास करत राहील. कुठे तक्रार नाही, कुठे तांबडी अक्षरं नाहीत. लिखाणात जिथे बघाल तिथे ४०. जिथे चूक आहे ते कोणाला वाचताच येत नाही.

आणि १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नाइट कॅपिटल या कंपनीचं जे झालं, ते तर प्रसिद्धच आहे. ते बिल्डमधलं नाही, त्याच्या पुढच्या पायरीवरचं, पण जात तीच. आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता, सातांवर चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना भाग तसाच होता, आणि नव्या कामासाठी दिलेल्या खुणेने तो जागा झाला. पाऊण तासात लाखो नको ते व्यवहार होऊन बसले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर. आठवा सर्व्हर राहिलाय का, हे दुसऱ्या कोणी बघण्याची पद्धतच लिहिलेली नव्हती.

मग ती जवळची वाट कधीच धरू नये का? मी एवढी कर्मठ नाही. आत्ता सगळं बांधलंय, एकट्याच्या टेबलावर वरच्या मजल्याचं बटण निळं करून बघायचंय, तर खुशाल धरा. चाचण्या चालवताना ‘नो-बिल्ड’ म्हणतात तेही रास्त, कारण तिथे आधीच्याच पायरीत त्याच जागी सगळं बांधलेलं असतं आणि ते नोंदीत दिसतं. पण ही युक्ती टीमच्या सामायिक स्क्रिप्टमध्ये घालू नये, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये तर तिचं नावही नको. स्क्रिप्टमध्ये शिरलेली गोष्ट सहा महिन्यांनी आलेल्या नव्या मुलाला दिसतच नाही. त्याला वाटतं, इथे असंच करतात.

भाच्याला मी आणखी एक सुचवलंय. रात्री तुम्ही झोपलेले असता, यंत्रं जागीच असतात. तेव्हा एकदा सगळं मुळापासून बांधा, आणि त्याच लिखाणावरून दिवसा तपासून-वगळून बांधलेल्या वस्तूशी ठसा ताडून बघा. फरक निघाला तर कुठेतरी एक आधार लिहायचा राहिलाय. तो म्हणाला, ठसे जुळायला मुळात तेच लिखाण दोनदा बांधलं तर वस्तू अक्षरशः तीच निघायला हवी, आणि आत तारखा नि फोल्डरांची नावं शिरली की ती निघत नाही. पण हे जमतं. डेबियनवाले २०१३ पासून त्याच्या मागे आहेत, आणि डॉटनेटच्या नव्या पद्धतीच्या प्रोजेक्टांत तशी सोय मुळातच चालू असते. तेव्हा त्याने ते सोमवारी टीमपुढे मांडायचं कबूल केलंय. तारखेची ती छोटी फाइल ग्राहकाच्या बिल्डमध्ये अजून आहेच, आधी तिचं काय करायचं यावर त्यांचं अडलंय.